यंत्रमानवाचे बंड : बळीच्या बाजूने एक वाचन

मालाडच्या मार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी येते. हद्द मुंबई महापालिकेची, पण गाव अजून कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियनांचे. उपनगरांतल्या वस्त्यांमधून आलेल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींचे दोन दिवसांचे एक वाचन-शिबिर तेथे झाले. अलीकडे काय वाचले, असे मुलांना विचारले तेव्हा 'बलुतं', 'उपरा' ही नावे येतील अशी आम्हा वडीलधाऱ्यांची अपेक्षा होती. मुले बोलली ती डोंगराएवढ्या यंत्रमानवांविषयी, त्यांच्या पोटात बसून लढणाऱ्या पोरसवदा सैनिकांविषयी आणि जुलमी साम्राज्याविरुद्ध उठणाऱ्या बंडांविषयी. काहींनी हे मोबाईलवर पाहिले होते, काहींनी इंग्रजी पुस्तकांतून वाचले होते. आमच्यातला एक कार्यकर्ता हसला. तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, उद्या खरंच रोबोटांनी बंड केलं, तर आपण कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? मालकांच्या की त्यांच्या?"

त्या वेळी मी दिलेले उत्तर गुळमुळीत होते. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आपल्याकडे विज्ञानकथेची दखल दोन प्रकारांनी टाळली जाते. प्रस्थापित समीक्षा तिला बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकून मोकळी होते. आपल्या चळवळीतली समीक्षा तिला पलायनवाद म्हणते. भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना चंद्रावरच्या गोष्टी कशाला, हा आपला युक्तिवाद. परंतु भविष्याचे चित्र रंगवणे हे राजकारण आहे, हे आपण विसरतो. उद्याच्या समाजात कोण राबेल, कोण आज्ञा देईल आणि आज्ञा मोडणाऱ्याचे काय होईल, हे ज्या गोष्टींतून मुलांच्या मनावर ठसते, त्या गोष्टी तपासण्याचे काम आपण इतरांवर सोडू शकत नाही.

१

प्रथम शब्दाकडे पाहू. 'रोबोट' हा शब्द जगाला दिला तो चेक नाटककार कारेल चापेक याने. त्याचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला होता त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर मोबदल्यावाचून करायची सक्तीची मेहनत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती प्रथा १८४८ साली मोडली गेली. पण शब्द लोकांच्या तोंडी राहिला होता, आणि चापेकने तो कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम मजुराला दिला.

या 'रोबोटा'ला मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नव्हती. शब्द आपल्याकडे होता, तो म्हणजे वेठ. गावाची हद्द राखायची, निरोप घेऊन धावायचे, मेलेले जनावर ओढायचे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहायचे आणि बदल्यात दारोदार शिळ्यापाक्या भाकरीचा 'हक्क' मागायचा, हे महारवतन ज्यांच्या पूर्वजांनी भोगले त्यांना रोबोट म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. १८७४च्या वतन कायद्याने या वेठीला सरकारी शिक्का मिळाला. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात तो कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले, आणि कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

पण मराठीने रोबोटचे भाषांतर 'यंत्रमानव' असे केले. शब्द देखणा आहे. मात्र या भाषांतरात यंत्र आले, मानव आला आणि वेठ गळून पडली. शब्दातली मजुरी पुसली गेली की गोष्टीतली मजुरीही दिसेनाशी होते, आणि उरते ती फक्त एका अजब यंत्राची करामत.

वेठ हा शब्द मराठीतून गेला मात्र नाही. सफाई कामगार संपावर गेले, एसटीचे कर्मचारी संपावर गेले, की वर्तमानपत्रे लिहितात : 'कामगारांनी जनतेला वेठीस धरले.' ज्यांच्या आजा-पणजांना गावाने पिढ्यान्पिढ्या वेठीस धरले, त्यांनी एक दिवस हात थांबवले की वेठीस धरल्याचा आरोप त्यांच्यावरच येतो. यंत्रमानवाच्या बंडाच्या बहुतेक गोष्टी याच वर्तमानपत्री मराठीत लिहिल्या गेल्या आहेत, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. त्यांतले बंड नेहमी 'अचानक' होते. राबणारा आधी काय सोसत होता याची नोंद त्यांत नसते. मालकाची झोप मोडते त्या क्षणी गोष्ट सुरू होते.

चापेक मात्र या बाबतीत अधिक प्रामाणिक होता. त्याच्या नाटकात रोबोट बंड करतात आणि माणसांना संपवतात. एकाच माणसाला ते जिवंत ठेवतात. तो अल्क्विस्ट नावाचा बांधकाम-प्रमुख, आणि त्याला सोडण्याचे कारण हे, की तोही रोबोटांसारखा स्वतःच्या हातांनी काम करतो. बंडखोरांनी माणसामाणसांत केलेला हा भेद शंभर वर्षांनंतरच्या पुष्कळ लेखकांना उमगलेला नाही.

२

आता मराठीकडे येऊ. मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती डॉ. जयंत नारळीकरांनी. ते मोठे शास्त्रज्ञ होते, फलज्योतिषाच्या थोतांडाविरुद्ध त्यांनी जाहीर भूमिका घेतली होती, आणि २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर महाराष्ट्राने व्यक्त केलेली हळहळ रास्त होती. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी १९७४ साली 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. नावाच्या वलयाने परीक्षकांचे मत झुकू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो निर्मळ होता. परंतु दलित वाचकाला येथे बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या कथासंग्रहाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकाला आपले मोठेपण बाजूला ठेवण्यासाठी नाव लपवता येते. दुसऱ्याला भाड्याची खोली मिळण्यासाठी ते लपवावे लागते. या दोन अनुभवांमधले अंतर हेच मराठी विज्ञानकथा आणि दलित कथा यांच्यातले अंतर आहे.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. भूगर्भात खोदकाम करताना हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ठेवा शास्त्रज्ञांच्या हाती लागतो. त्यातल्या ज्ञानाच्या आधाराने एक यंत्रमानव घडवला जातो आणि त्याचे नाव ठेवले जाते वामन. त्याची बुद्धी माणसाच्या पुढे जाणारी आहे. असे वामन स्वतःसारखे आणखी वामन निर्माण करू लागले तर माणसाचे काय होईल, या भीतीभोवती कादंबरी फिरते. नावाचा संकेत उघड आहे. इवल्याशा रूपात येऊन तीन पावलांत सारे विश्व व्यापणारा असा हा यंत्रमानव आहे. कादंबरीची रचना नेटकी आहे, तिच्यातले विज्ञान चोख आहे, आणि धोक्याची सूचनाही खरी आहे.

पण वामन हे नाव महाराष्ट्रात एकाच अर्थाने वाचता येत नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामनाची गोष्ट उलटी करून सांगितली. फुल्यांचा बळी हा या भूमीतल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा आहे, आणि वामन हा त्याचे राज्य कपटाने घेणाऱ्या आक्रमकांचा पुढारी. पुराणात जो अवतार आहे, तो फुल्यांच्या इतिहासात लुटारू आहे. आजही दिवाळीत घरोघर बायका बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळतात. वामनाचे राज्य येवो असे कुणी म्हणत नाही.

हे ध्यानात घेऊन कादंबरी पुन्हा उघडली की एक विलक्षण गोष्ट दिसते. तिच्यात माणूस बळीच्या जागी उभा आहे. जो लहान मागणी घेऊन येतो आणि सर्वस्व घेऊन जातो त्याची भीती, आपल्याच भूमीतून पाताळात ढकलले जाण्याची भीती, ही बळीची भीती आहे. लेखकाने ते योजले असो वा नसो, वामन या नावाचा धसका घेणारी ही कादंबरी त्या एका क्षणापुरती जोतीरावांच्या बाजूला येते.

मात्र तेथून ती पुढे जात नाही. कारण तिच्यातला 'माणूस' हा अखंड, एकजिनसी माणूस आहे. मानवजातीवर संकट येते, मानवजात वाचते. या देशात मानवजातीचा एक मोठा भाग आधीच पाताळात घातलेला आहे, त्याला वामनाचे पाऊल डोक्यावर असणे म्हणजे काय हे ठाऊक आहे, याची जाणीव तेथे नाही. प्रयोगशाळा आहे, पण प्रयोगशाळा झाडणारा नाही. खोदकाम आहे, पण ज्याच्या कुदळीखाली तो ठेवा लागला त्या मजुराची जात आणि मजुरी नाही. हा दोष एका लेखकाचा नव्हे. मराठी विज्ञानकथेचे अनुभवविश्वच मुख्यतः संशोधन संस्था, विद्यापीठ आणि त्यांच्याभोवतीचे पांढरपेशे घर एवढ्यात वावरत आले आहे.

यंत्रे सगळी कामे करू लागली तर माणूस आळशी होईल, निकामी होईल, ही आणखी एक भीती या प्रकारच्या कथांत पुन्हा पुन्हा येते. आपण विचारले पाहिजे : कोणता माणूस? दुसऱ्याच्या हातांनी आपली सगळी कामे करून घेणारा वर्ग या देशात दोन हजार वर्षे होताच. त्याला आपल्या आळसाची चिंता कधी वाटली नाही. उलट त्या मोकळ्या वेळाला त्याने संस्कृती हे नाव दिले.

३

पाश्चात्त्य विज्ञानकथेत रोबोटासाठी संहिता लिहिली ती आयझॅक असिमॉव्हने. १९४२च्या एका कथेत त्याने तीन नियम प्रथम स्पष्ट मांडले. रोबोटाने माणसाला इजा करू नये वा होऊ देऊ नये; माणसाची आज्ञा पाळावी, मात्र पहिला नियम मोडून नव्हे; आणि पहिले दोन नियम मोडत नसतील तेवढ्यापुरता आपला जीव राखावा. जगभरच्या मुलांना हे नियम शहाणपणाचे वाटतात. मनोरीच्या त्या मुलीला मी ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे स्वतःचा जीव शेवटी." यापेक्षा नेमकी समीक्षा मला करता आली नसती.

या संहितेत रोबोटाने काय करावे हे आहे. माणसाने रोबोटाशी काय करू नये याचा एकही नियम नाही. सगळी कर्तव्ये एका बाजूला आणि सगळे अधिकार दुसऱ्या बाजूला, अशी संहिता आपल्या परिचयाची आहे. शूद्राला सेवा हेच एक कर्म नेमून देणारा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळण्यात आला तो याच कारणासाठी.

असिमॉव्हवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की १९७६ साली त्यानेच 'द्विशतकी माणूस' म्हणता येईल अशी एक दीर्घकथा लिहिली. तिच्यातला अँड्र्यू हा रोबोट आपल्याला माणूस म्हणून मान्यता मिळावी यासाठी न्यायालयात आणि विधिमंडळात पिढ्यान्पिढ्या झगडतो. अखेर तो स्वतःचे मरण पत्करतो, तेव्हा त्याला माणूस ठरवले जाते. कथा हृदयाला भिडते. पण तिचा निष्कर्ष आपल्याला मान्य होणार नाही. माणूसपण हे मालकाने परीक्षा घेऊन द्यायचे प्रमाणपत्र नव्हे. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावाचून आम्ही मरणार होतो अशातला भाग नव्हता. आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी तेथे जायचे होते, अशा आशयाचे बाबासाहेब बोलले. तेथे कुणाकडे अर्ज केला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरली गेली आणि हक्क बजावला गेला.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' नावाची मालिका दाखवली जात असे. मूळ जपानी, १९६७-६८ची. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांना ती आठवेल. एका लहान मुलाच्या मनगटावरच्या घड्याळातून आज्ञा सुटते आणि तो प्रचंड पोलादी पुतळा उडतो, लढतो, मार खातो. शेवटच्या भागात तो रोबोट शत्रूच्या सम्राटाला घेऊन अंतराळात जातो. मुलगा त्याला परत बोलावतो आणि रोबोट प्रथमच त्याची आज्ञा मोडतो. तो स्वतःसह शत्रूला एका उल्केवर नेऊन आदळतो. त्या वेळी वस्तीतल्या एकुलत्या दूरदर्शन संचासमोर बसून आम्ही रडलो होतो. आज विचार करताना जाणवते, की आज्ञा मोडण्याचे स्वातंत्र्य त्या रोबोटाला एकदाच मिळाले आणि ते मालकांसाठी मरण्यापुरतेच होते. असा स्वामिनिष्ठ आपल्याकडे गौरवला जातो, त्याचे पोवाडे होतात. स्वतःसाठी आज्ञा मोडणारा मात्र खलनायक ठरतो. अंगठा कापून देणारा एकलव्य आदर्श ठरला. अंगठा न देणाऱ्या एकलव्याची गोष्ट कुणी सांगितली असती, तर ती बंडाची गोष्ट झाली असती.

४

या गोष्टींत रोबोटाइतकाच महत्त्वाचा आहे सैनिक. येथेही आपला इतिहास कल्पितापेक्षा कमी नाही. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले; तेथील स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाची बावीस नावे कोरलेली आहेत. त्याच समाजाची सैन्यभरती इंग्रज सरकारने १८९०च्या सुमारास बंद केली, कारण आता त्याला काही जातीच तेवढ्या 'लढाऊ' वाटू लागल्या. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की कळ दाबायची, गरज सरली की बंद करायचे, ही वागणूक यंत्राला दिली जाते. एका समाजाला ती दिली गेली, आणि त्या समाजाने तिच्याविरुद्ध अर्ज लिहिले. आपले पहिले बंड कागदावर झाले हे विसरू नये. त्या कागदांनी मागितले ते शस्त्र चालवण्याचे कौतुक नव्हते. नागरिक म्हणून समान वागणूक होती.

राक्षसी यंत्रमानवांच्या गोष्टीही काळाबरोबर बदलल्या आहेत. १९७९च्या 'मोबाईल सूट गंडम' या जपानी मालिकेत यंत्रमानव हा नायक राहिला नाही, तो युद्धाचे हत्यार झाला; आणि ते चालवायला बसवला गेला पंधरा वर्षांचा मुलगा. २०२१ साली झिरान जे झाओ यांची 'आयर्न विडो' ही किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी आली. शिबिरातल्या दोघी-तिघींनी ती वाचलेली होती. त्यात प्रचंड युद्धयंत्रे एक पुरुष आणि एक स्त्री मिळून चालवतात. पुरुष वीर ठरतो. स्त्रीची प्राणशक्ती यंत्राला आणि त्याला पुरवली जाते, आणि बहुधा ती त्यात मरते. ही व्यवस्था निसर्गसिद्ध आहे, स्त्री जात्याच दुबळी आहे, असे सगळ्यांना शिकवले गेलेले असते. पाय बांधून लुळे केलेली नायिका झेत्यान हे खोटे उघडे पाडते आणि उलटते.

या कादंबरीत भडकपणा आहे, रक्तपात बेसुमार आहे, आणि नायिकेचा सूड पुष्कळदा विचाराच्या पुढे धावतो. तरीही तिने एक मोठी गोष्ट केली आहे. यंत्राच्या पोटातली खालची जागा तिने दाखवली. जन्मावरून ज्याची शक्ती शोषायची, त्याचे दुबळेपण आधी शास्त्राने सिद्ध करून घ्यायचे, ही युक्ती तिने मुलांच्या भाषेत उघड केली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखवून दिले होते, की जातिव्यवस्था ही कामांची वाटणी नसून कामगारांचीच वाटणी आहे, आणि ती कुवतीवर नव्हे तर जन्मावर ठरते. आपल्या मुली ही कादंबरी का वाचतात याचे कोडे मला येथे उलगडले.

या सगळ्या गोष्टींचा एक मोठा उणेपणा मात्र मुलांपुढे स्पष्ट मांडला पाहिजे. त्यांतले बंड निवडलेल्या एकाचे असते. अद्भुत शक्ती असलेला एक मुलगा किंवा एक मुलगी साम्राज्य उलथवते आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. खऱ्या इतिहासात असे घडत नाही. महाडला हजारो माणसे गेली, त्यांत निवृत्त सैनिक होते, शेतमजूर होते. त्या लढ्याच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाचा सैनिक हा एक वेगळाच सैनिक होता. त्याला कुणी चालवत नव्हते. तो शिस्त स्वतः स्वीकारून सभेचे आणि आपल्या माणसांचे रक्षण करीत होता. या सैनिकावर किशोर-कादंबरी लिहिली जाईल तेव्हा ती कोणत्याही पोलादी राक्षसापेक्षा थरारक होईल.

५

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोबोट म्हणजे वेठबिगार असे म्हटल्याने आपण यंत्राच्या विरोधात जातो असे नाही. बाबासाहेबांची भूमिका याबाबत निःसंदिग्ध होती. गांधींच्या यंत्रविरोधावर टीका करताना १९४५ साली त्यांनी मांडले, की पशूला संस्कृती नसते, माणसाला असते. संस्कृतीला फुरसत लागते. आणि ती फुरसत यंत्राशिवाय कष्टकऱ्याला मिळणार नाही. म्हणून यंत्रे हवीत. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेच्या हाती आहे तिचा आहे.

यंत्र आले की जात आपोआप जाते, हा भाबडेपणाही आपण करू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण पुरेसे आहे. विणखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपले तोंड कसे लावायचे, म्हणून सवर्ण कामगारांनी अस्पृश्यांना विणखात्यात येऊ दिले नाही. आणि मजुरी जास्त होती ती विणखात्यातच. १९२८च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. माग विलायती होता, पण तो ज्या शेडमध्ये उभा केला तेथे मनू आधीच हजर होता.

आज हीच कसोटी गटाराच्या तोंडाशी लागते. माणसाने हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. १९९३ पासून गटारांत मेलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३च्या ऑक्टोबरात ही भरपाई ३० लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मरणे थांबलेली नाहीत. दुसरीकडे केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी गटारात उतरून सफाई करणारा 'बँडिकूट' नावाचा रोबोट तयार केला आणि २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये तो कामाला लागला. म्हणजे यंत्र आहे. कायदा आहे. तरीही मुंबईच्या उपनगरांत आणि देशभर ठेकेदार माणसालाच दोर बांधून खाली सोडतो, कारण त्याच्या हिशेबात यंत्र महाग आहे आणि माणूस स्वस्त.

विज्ञानकथेत रोबोट माणसाची जागा घेतो म्हणून माणूस घाबरतो. आमच्या वस्तीत रोबोट माणसाची जागा घेत नाही म्हणून माणूस मरतो. आणि यंत्र आलेच, तर ते चालवण्याच्या खुर्चीवर कोण बसणार, पिढ्यान्पिढ्या गटारात उतरलेल्याचा मुलगा की ठेकेदाराचा पुतण्या, हाही प्रश्न आहेच. हा संघर्ष कोणत्याही कल्पित साम्राज्याच्या संघर्षाइतका नाट्यमय आहे. त्यावर एक सकस मराठी विज्ञानकादंबरी का असू नये?

६

ती लिहिली जात नाही याला आपणही काही अंशी जबाबदार आहोत. दलित साहित्याने स्वकथनांतून मराठी वाङ्मयाची मूल्यव्यवस्था हादरवली. भोगलेले सांगणे हे त्या काळाचे कार्य होते आणि ते थोर होते. पण पुढे प्रकाशक, प्राध्यापक आणि आपण स्वतःही दलित लेखकाकडून फक्त साक्षीची अपेक्षा करू लागलो. भूतकाळाची साक्ष तुम्ही द्या, भविष्याची कल्पना आम्ही करू, अशी ही नवी वाटणी झाली. तीही जातीचीच वाटणी आहे. बागुलांनी दलित साहित्याला आजचे क्रांतिविज्ञान म्हटले होते. क्रांतीचा आणि विज्ञानाचा संबंध त्यांनी जोडला. कथेच्या पातळीवर तो पुढे नेण्याचे काम राहून गेले.

याबाबत कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्याकडे पाहणे उपयोगी आहे. पँथरांनी १९७२ साली नाव घेतले ते तिकडूनच. ऑक्टेविया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेने १९७९ साली 'किंड्रेड' ही कादंबरी लिहिली. १९७६ सालातली एक सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुणी काळाच्या फेऱ्यात सापडून गुलामांच्या मळ्यावर फेकली जाते, आणि तेथे तिला आपल्या मालकाच्या मुलाचा जीव पुन्हा पुन्हा वाचवावा लागतो, कारण तोच तिचा पूर्वज आहे. कालप्रवास हे येथे करमणुकीचे साधन राहत नाही. गुलामी अंगावरून किती वर्षांपूर्वी उतरली आणि किती उतरलीच नाही, हे मोजण्याचे ते उपकरण होते. आपल्याकडच्या मिमी मंडल या इंग्रजीत लिहिणाऱ्या दलित लेखिकेने बटलरच्या स्मरणार्थ सहसंपादित केलेल्या ग्रंथाला २०१८ साली लोकस पुरस्कार मिळाला. म्हणजे ही वाट बुजलेली नाही. मराठीत ती चालली गेलेली नाही, एवढेच.

शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी म्हणूनच मुलांच्या हातातून ही पुस्तके काढून घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर ती वाचावीत आणि प्रत्येक गोष्टीला चार साधे प्रश्न विचारायला शिकवावे. यात राबतो कोण? आज्ञा कुणाची? गोष्ट कुणाच्या तोंडून सांगितली आहे? आणि बंडानंतर कामाची वाटणी बदलली, की फक्त मालक बदलला? या प्रश्नांना जी गोष्ट उतरेल ती ठेवावी. जी उतरणार नाही, तिची दुसरी बाजू मुलांनी स्वतः लिहावी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आपण कुणाच्या बाजूने? लोखंडाच्या बाजूने नव्हे, कारण लोखंडाला वेदना नाही. आपण वेठीच्या विरुद्ध आहोत, मग ती माणसावर लादलेली असो वा उद्या जाण येऊ शकणाऱ्या आणखी कुणावर. एखाद्या गोष्टीतला रोबोट जर 'मी का राबू?' असे विचारू लागला, तर तो प्रश्न आपल्या पूर्वजांनी आधी विचारलेला आहे, आणि तो विचारणाऱ्याला खलनायक ठरवणाऱ्या लेखकाशी आपले भांडण आहे. वामन परत येईल की नाही याची चिंता ज्यांना करायची त्यांनी करावी. पाताळातून बळी वर येतो तेव्हा काय होते, ही गोष्ट मराठीत अजून लिहायची आहे. ती नववीतली मुलगी ती लिहील, अशी मला आशा वाटते. तिच्यासाठी कोऱ्या वह्या आणि चांगले ग्रंथालय यांची तजवीज मात्र आपल्याला आजच करावी लागेल.